हातानं उघडायचं हूड : दोन-सीटर गाडीचं छप्पर उतरवायचं कसं, चढवायचं कसं

हूड बंद करायला आधी शिका, उघडायला नंतर. उघडताना कुणालाच घाई नसते. ऊन कोवळं असतं, रस्ता मोकळा असतो. बंद करायची वेळ येते ती वळवाच्या टपोऱ्या थेंबांसोबत, आणि तेव्हा चहाच्या टपरीवरची दहा माणसं हातातला कप तसाच धरून तुमच्याकडं बघत असतात. माझ्यावर ती वेळ खुलताबादजवळ आली, मे महिन्याच्या अखेरीस. दोन मिनिटांच्या कामाला मी आठ-दहा मिनिटं लावली. दोन्ही सीट भिजल्या. वर सांगाडा पुढं ओढताना मागच्या प्लास्टिकच्या काचेचा कोपरा सीटबेल्टमध्ये अडकलाय हे न बघता हिसका दिला आणि ती काच कोपऱ्यात चिरली. टपरीवरचे एक आजोबा म्हणाले, "कामून एवढी झटापट करायलास बाबा? आधी शेडखाली घे की गाडी." शेड वीस पावलांवर होतं.

गाडी माझदाची एमएक्स-५, १९८९ मध्ये जगासमोर आलेल्या पहिल्या पिढीतली. जपानमध्ये ती यूनोस रोडस्टर या नावानं विकली जायची. मामा तिकडची नोकरी संपवून नव्वदच्या दशकात परत आले तेव्हा घरसामानासोबत तीही आली. मामींना त्या जागी मोठा फ्रिज हवा होता, आणि तो विषय त्या अजून काढतात. आता गाडी माझ्या दारात असते, एमएच-२० चा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा नंबर लावून. खाली सांगतो ते सगळं याच गाडीवर शिकलेलं आहे. तुमची गाडी नंतरच्या पिढीतली असेल तर काम सोपं आहे. १९९८ च्या दुसऱ्या पिढीपासून मागं खरी काच आली आणि प्लास्टिकची काच सोडवायच्या चेनची (झिपची) भानगड गेली. २००५ च्या तिसऱ्या पिढीत हूड पुढं आवळून धरणाऱ्या दोन कड्यांऐवजी मधोमध एकच कडी आली, आणि हूडची घडी इंग्रजी झेडसारखी पडू लागली. २०१५ पासूनच्या चौथ्या पिढीत तर बसल्या जागेवरून एका हातानं हूड मागं टाकता येतं. थार किंवा जुन्या जीपच्या कापडी छपराची रचना वेगळी असते, पण ताणाचा नियम तिथंही हाच लागू होतो.

तो नियम असा. कापड ताणलेलं असताना चेन ओढायची नाही, काच दुमडायची नाही, बटण उपटायचं नाही. उतरवताना आधी ताण सोडायचा, मग घडी घालायची. चढवताना आधी सगळं जोडायचं आणि ताण सगळ्यात शेवटी द्यायचा. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकणारा माणूस हेच करतो. चारी कोपरे सैल बांधून घेतो आणि मग एकेक दोरी आवळत जातो. पहिलाच कोपरा करकचून बांधला तर चौथा पोचत नाही.

आधी हूडची ओळख

कापडाच्या आत लोखंडी कमानींचा सांगाडा असतो, दोन्ही दारांच्या मागं गाडीच्या अंगाला सांध्यांनी जोडलेला. आमचा कुशनवाला या कमानींना 'फासळ्या' म्हणतो, आणि मलाही आता दुसरा शब्द सुचत नाही. सगळ्यात पुढची फासळी रुंद असते. ती समोरच्या काचेच्या चौकटीवर येऊन बसते आणि डावी-उजवीकडच्या दोन कड्यांनी आवळली जाते. प्रत्येक कडीला एक आकडा असतो आणि चौकटीवर त्याच्या मापाची खाच. मागं पारदर्शक प्लास्टिकची काच. तिची चेन खालच्या एका कोपऱ्यातून निघून काचेवरून वळसा घालून दुसऱ्या कोपऱ्यात उतरते, म्हणजे चेन उघडली की काच खालच्या कडेला धरून आडवी पडते.

आणखी एक भाग बाहेरून दिसत नाही, म्हणून बहुतेकांना माहीतही नसतो. हूडची मागची कड जिथं गाडीच्या पत्र्याखाली जाते तिथं आत एक पन्हळ असते. कापडावरून ओघळलेलं पाणी तिच्यात पडतं आणि दोन्ही बाजूंच्या नळ्यांतून गाडीखाली जातं. पावसाळ्यातली निम्मी दुखणी या पन्हळीपाशी सुरू होतात. तिच्याकडं पुढं येतो.

उतरवताना

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. सिग्नलवर, चालत्या गाडीत, मित्र व्हिडिओ काढतोय म्हणून, असं कधीही करू नका. हूडला हात लावण्याआधी ते कोरडं आहे का बघा, आणि वरची धूळ एकदा झटका. धुळीसकट घडी घातली तर ती कापडाच्या दोन थरांमध्ये पॉलिश पेपरसारखी घासत राहते.

सीटमागचा कट्टा रिकामा करा. पाण्याची बाटली, चार्जर, जालन्याहून आणलेल्या मोसंबीची पिशवी, काहीही राहू देऊ नका. तिथं राहिलेला पेनसुद्धा घडीखाली सापडून मागच्या काचेवर कायमचा वळ उठवतो. दोन्ही सीटबेल्ट पूर्ण आत गेलेत का बघा. दारांच्या काचा पूर्ण खाली घ्या, नाहीतर बाजूचं रबर त्यांच्यावर घासतं. सनवायझर खाली करा, त्याशिवाय कड्यांना धड हात पोचत नाही.

आता कड्या. कडीला चुकून उघडू नये म्हणून बारकं बटण असेल तर ते आधी दाबा, मग मूठ खाली ओढा, मग आकडा खाचेतून काढा. एक बाजू सुटली की दुसरी. दोन्ही सुटल्या की पुढची फासळी चौकटीवरून किंचित उचलल्यासारखी होते. ती बोटभर मागं सरकवा आणि तिथंच थांबा. इथं नवखा माणूस सगळं हूड धाडकन मागं टाकतो. चेन अजून उघडायची आहे, हे त्याच्या ध्यानात नसतं.

काहीजण कड्या लागलेल्या असतानाच चेन उघडतात. उघडते ती, पण कापड ताठ असल्यामुळं दाते एकमेकांना ओढून धरतात आणि कोपऱ्यावर चेन अडते. तिथं जोर लावला की एखादा दाता निखळतो, आणि चेन बदलायची म्हणजे हूडचा मागचा सगळा भाग उसवायचा. म्हणून ताण आधी सोडायचा. एका हातानं चेनच्या मागचं कापड धरा, दुसऱ्यानं शिवणीच्या रेषेतच ओढा, कोपऱ्यावर हात सावकाश फिरवा. काच सुटली की तिला धरून कट्ट्यावर सपाट आडवी करा. खाली एक मऊ कापड, वर एक. मी आजोबांचं धोतर फाडून ठेवलंय. शंभर धुण्यांनी मऊ झालेल्या धोतराइतकं चांगलं कापड बाजारात विकत मिळत नाही.

मग घडी. पहिले काही दिवस हे काम गाडीबाहेर उभं राहूनच करा. ड्रायव्हरच्या बाजूला उभे राहा, एक हात पुढच्या फासळीच्या मध्यावर, दुसरा बाजूच्या पट्टीवर. हूड उचलून मागं न्या आणि अर्ध्यावर थांबा. फासळ्यांच्या मधे जिथं जिथं कापड सापडेल असं दिसतं तिथून ते हातानं बाहेर ओढा. दारावर येणारे कापडाचे दोन कान आत दुमडून घ्या. बोटं सांध्यांपासून लांब ठेवा. सांधा मिटताना कात्रीसारखा मिटतो, आणि माझ्या डाव्या करंगळीच्या नखाखाली त्याची आठवण बरेच दिवस काळी होती.

सगळं हूड खाली बसलं की तळव्यानं फासळीवर दाबा, कापडावर नाही. हूड शेवटचं चार बोटं अंतर खाली जात नसेल तर आत काहीतरी अडकलंय. परत उचला आणि बघा. माझ्या एका मित्रानं यावर बसून बघितलं होतं. हूड खाली गेलं, मधली फासळी मात्र वाकली.

घडीवर टाकायचं झाकण असेल तर टिच बटणं मधून सुरू करून दोन्ही बाजूंना लावत जा. काढताना बटणाच्या अगदी कडेला बोट घालून उचला. कापड धरून ओढलं तर बटण गाडीवर राहतं आणि झाकणाला भोक पडतं. झाकण नुसतं शोभेचं वाटतं, पण आमच्या धुळीत त्याचा उपयोग आहे. झाकण नसलेली घडी वेरूळपर्यंतच्या तीसेक किलोमीटरमध्ये पावशेर माती गोळा करते.

चढवताना

झाकण काढून डिकीत ठेवा. सीटबेल्ट पुन्हा बघा. माझी काच चिरली ती याच ठिकाणी. दारांच्या काचा खाली, सनवायझर खाली.

हूड उचलताना कमरेत वाकून ओढू नका, जवळ उभे राहून उचला. सीटवर बसून दोन्ही हात मागं टाकून ओढणं दिसायला झकास, पण त्यात खांदा असा काही पिरगळतो की दोन दिवस शर्ट घालताना आठवण राहते. सवय झाल्यावर करा. हूड वर आलं की पुढची फासळी चौकटीवर दोन बोटं अधांतरी राहील इतपतच आणा. कड्यांना अजून हात नाही लावायचा.

आता मागं जा. काचेवरचं धोतर काढा, काच उभी करा आणि चेन लावा. कापड सैल असल्यामुळं चेनच्या दोन्ही कडा एकमेकींपाशी सहज येतात. सुरुवातीचे दोन-तीन इंच नीट बसले की बाकीची आपोआप जाते. कड्या आधी आवळल्या तर हीच चेन दोन माणसांनी दोन्हीकडून कापड ओढून धरून लावावी लागते. लोक म्हणतात, हूड आखूड झालंय. हूड नाही, क्रम चुकलेला असतो.

चेन लागली की आत बसा. दोन्ही आकडे खाचेत अडकवून घ्या आणि मगच एकेक कडी मिटा. डावीकडची पूर्ण आवळून उजवीकडं गेलात तर उजवा आकडा खाचेपर्यंत पोचत नाही. फासळीला एका हातानं खाली ओढून धरा, दुसऱ्या हातानं मूठ वर ढकला. बटणाचा टक आवाज आला पाहिजे.

कडी मिटायला फारच जोर लागतोय? आधी चौकटीवर काही आलंय का बघा, सनवायझर किंवा कापडाची दुमड. तसं काही नसेल तर दिवस कसा आहे ते बघा. थंडीत हूड आखडतं, उन्हात सैल पडतं. बरेच दिवस घडी करून ठेवलेलं हूडही आक्रसतं. गाडी पंधरा-वीस मिनिटं उन्हात उभी करून पुन्हा प्रयत्न करा. तरीही तेच असेल, किंवा उलट कडी इतकी सैल असेल की वेगात हूड फडफडतं, तर आकड्याची लांबी बघा. बऱ्याच गाड्यांत आकडा पिळून कमी-जास्त करता येतो. अर्धा वेढा फिरवा, लावून बघा. दोन्ही बाजू सारख्याच फिरवा.

शेवटी दारांच्या काचा वर घ्या आणि आत बसून सगळीकडं नजर फिरवा. भर दुपारी हे केलं तर फार कळतं. रबराच्या कडेनं उजेडाची रेघ दिसली तर पावसाळ्यात पाणी तिथूनच येणार. खडूनं खूण करून ठेवा.

हे सगळं एका रविवारी अंगणात दहा वेळा करा. पहिल्यांदा मला अर्धा तास लागला होता. आता चेनसकट दोन मिनिटांच्या आत होतं, आणि याच्याखाली जायचा माझा इरादा नाही.

रस्त्यात पाऊस गाठेल तेव्हा दिसेल तिथं थांबायचं नाही, आडोसा गाठायचा. पेट्रोल पंप, एसटीचा निवारा, काहीही. वळवाच्या आधी जो वारा सुटतो तो पावसापेक्षा वाईट. अर्धं उभं केलेलं हूड शिडासारखं फुगतं आणि हातातून निसटून उलटं आपटतं. भिंतीच्या किंवा उभ्या ट्रकच्या आडोशाला उभे राहा, आणि शक्य असेल तर सोबतच्या माणसाला दुसऱ्या बाजूनं धरायला सांगा. एकच कडी लावून पुढच्या गावापर्यंत जाऊ, हा विचार मनातून काढून टाका.

ऊन, धूळ आणि कापूस

मराठवाड्यात वर्षाचा पाऊस साधारण पावणेसातशे मिलिमीटर. म्हणजे हूड पावसात भिजतं त्याच्या कितीतरी पट जास्त ते उन्हात भाजतं. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ वर जातो, आणि बंद उभ्या गाडीवरचं काळं हूड त्याहून कितीतरी तापतं. अशा वेळी मागची प्लास्टिकची काच मऊ पडते. दुमडली तर घडीची रेघ कायमची राहते, दोन थर एकमेकांना चिकटतात. माझी चाचणी अशी : तळहाताची मागची बाजू हूडवर ठेवायची. दहा आकडे मोजेपर्यंत ठेवता आली तर घडी घालायची, नाहीतर गाडी सावलीत घेऊन चहा प्यायचा.

थंडीचं उलटं. हिवाळ्यात परभणीत एखाद्या पहाटे पारा पाच अंशांच्या आसपास येतो. त्या गारठ्यात प्लास्टिक कडक होतं आणि दुमडताच तडकतं. बरं, उघड्या गाडीत फिरायचे खरे दिवस हेच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. म्हणून सकाळी म्हैसमाळला निघायचं असेल तर गाडी आधी उन्हाकडं पाठ करून उभी करायची, मागची काच कोमट झाली की मगच हूडला हात लावायचा. नोव्हेंबरात तेवढ्यात दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळवाले टोपल्या मांडून बसलेले असतात, घाई करून मिळवायचं काही नसतं. सीताफळं मात्र डिकीतच ठेवा, सीटमागं नको.

एप्रिल-मेमध्ये दिवसा हूड उघडून फिरणं हा हौसेचा भाग नाही, आजारी पडायचा मार्ग आहे. त्या दोन महिन्यांत हूड बंद ठेवा आणि वर सुती कव्हर टाका. सावली शोधताना लिंबाच्या झाडाखाली गाडी लावायचा मोह होतो. उन्हाळा सरता सरता त्याच लिंबाच्या लिंबोळ्या पडतात, चिकट असतात, आणि त्या खायला येणारे पक्षी वेगळे. भिंतीची सावली बरी. वेरूळ-खुलताबाद भागात वानरं आहेत, त्यांना कापडी छपरावर उडी मारायला आवडते. तिथं गाडी लावताना खाण्याची पिशवी आत दिसेल अशी ठेवू नका.

धुळीचेही हंगाम असतात. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडं निघतात आणि त्यांच्यामागं चाललं तर कापसाचे तंतू गाडीत येतात. साखर कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि उडणारं पाचट. अशा गाडीच्या मागं अडकलात तर उघड्या हूडची मजा तिथंच संपते. अंतर ठेवा किंवा थांबून हूड चढवा. समृद्धी महामार्गावर गाड्यांना ताशी १२० ची मुभा आहे, पण हूड उघडं टाकून त्या वेगात कानात नुसता वारा भणभणतो, शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही. मी तिथं हूड बंदच ठेवतो.

पाण्याची वाट

आता ती पन्हळ. पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये पाण्याच्या नळ्यांची तोंडं सीटबेल्टच्या उभ्या खांबांमागं, हूडच्या खालच्या कोपऱ्यात असतात आणि पाणी मागच्या चाकांच्या थोडं पुढं, गाडीखाली पडतं. लिंबाचा पाला, कापसाचे तंतू आणि काळी माती हे तिन्ही तिथं जमतं. काळ्या मातीचा स्वभाव इथल्या माणसाला सांगायला नको. ओली असताना चिकट, वाळली की दगड. तिच्यात कापसाचा तंतू मिसळला की गिलावाच तयार होतो.

नळी तुंबली की पाणी पन्हळीतून उलटं आत येतं आणि सीटमागच्या गालिच्यात मुरतं. वरून काही दिसत नाही. आधी कुबट वास येतो, मग काचांवर आतून वाफ धरते, आणि तोवर दाराखालच्या पत्र्याला गंज लागलेला असतो. मी दोन महिने त्या वासाला 'जुन्या गाडीचा वास' म्हणत होतो. मामींनी गाडीत पाय ठेवताच सांगितलं, "अरे, हा ओल्या पोत्याचा वास आहे."

मृग निघायच्या आधी एकदा आणि दसऱ्याच्या सुमाराला एकदा हे करा. हूड अर्धं उतरवा, म्हणजे कोपरे उघडे पडतात. हातानं आणि चिमट्यानं पाला काढा. मग एका बाजूच्या तोंडात तांब्यानं सावकाश पाणी ओता, दुसऱ्या माणसाला खाली वाकून बघायला सांगा. धार लगेच आणि मोकळी पडली पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर गवत कापायच्या मशीनला लागतो तो जाड नायलॉनचा दोरा घ्या, टोक गोल करा आणि पिळत पिळत आत सारा. लोखंडी तार नको, नळीला भोक पडतं. गॅरेजमध्ये हवेची नळी लावून फुंकून देतो म्हणतील, तर नको म्हणा. त्या झोतानं आतली नळी सांध्यातून निसटते, आणि मग पाणी गाडीखाली न जाता थेट पत्र्याच्या पोकळीत उतरतं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, म्हणून हे तुंबण्यापेक्षा वाईट.

धुणं-पुसणं

वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा हूडवर मारू देऊ नका. शिवणीत पाणी घुसतं, काचेची कड सुटते. घरी बादलीभर पाणी, थोडा गाडीचा शाम्पू, मऊ ब्रश. मागची काच कोरडी कधीच पुसू नका. आधी भरपूर पाणी ओतून धूळ वाहू द्या, मग ओल्या मऊ कापडानं. घरातल्या काचा पुसायचा स्प्रे, थिनर, पेट्रोल यांपैकी काहीही प्लास्टिकच्या काचेला लागलं की ती धुरकट होते.

ओलं हूड घडी करून ठेवलं तर दोन-तीन दिवसांत बुरशीचे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. कधी नाइलाज झालाच तर घरी आल्या आल्या पुन्हा चढवा आणि वाळू द्या, मग कितीही रात्र झालेली असो.

चेनला तेल नको, त्याला धूळ चिकटते. पांढरी मेणबत्ती दातांवरून दोनदा घासा, चेन सुळसुळीत चालते. रबराला खोबरेल तेल लावायचा सल्ला मला किमान पाच जणांनी दिलाय. तेलानं रबर दोन दिवस चकाकतं, पुढं त्याच तेलावर धूळ बसते आणि काळा चिखल होतो. सिलिकॉनचा स्प्रे कापडावर घेऊन हलक्या हातानं पुसा. सांध्यांना मशीनचं तेल एकेक थेंब, आणि वरचं लगेच टिपून घ्या, नाहीतर डाग कापडावर उमटतो.

फाटलं तर

नखाएवढं भोक असेल तर त्याच दिवशी बघा, कारण ताणलेल्या कापडातलं भोक पळतं. झटपट चिकटणारा गोंद वापरू नका. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि त्याच्या कडेनं नवी चीर पडते. आतून त्याच जातीच्या कापडाचं ठिगळ, लवचिक राहणारा चिकटद्रव, आणि वरून बारीक शिवण.

आपल्याकडं एक सोय आहे. जीपचे हूड आणि सीट कव्हर शिवणारे कारागीर जवळपास प्रत्येक जिल्ह्याच्या गावी आहेत, आणि आता थारमुळं त्यांच्याकडं नवं कामही येतंय. शिवणीत त्यांचा हात धरणारा कुणी नाही. पण जीपच्या हूडला पन्हळ नसते, त्यामुळं हा भाग त्यांना ओळखीचा नसतो. माझ्या पहिल्या कारागिरानं मागची कड 'नीट बसत नाही' म्हणून पन्हळीचा तुकडाच कापून टाकला. तो पावसाळा मी गाडीत तांब्या ठेवून काढला. कामाला द्यायच्या आधी पन्हळ दाखवा, तिचं काम सांगा आणि जुनी कड उकलताना स्वतः समोर उभे राहा. कुठला स्क्रू कुठून निघाला याचे फोटो काढून ठेवा.

मागची काच बदलताना मांडवाला किंवा दुकानाला लावतात तो पारदर्शक पडदा कापून बसवायला कारागीर तयार असतो. स्वस्त पडतं. माझा एका उन्हाळ्यात पिवळा झाला आणि रात्री मागच्या गाड्यांचे दिवे हळदीत बुडवल्यासारखे दिसू लागले. उन्हात टिकणारी, बोटीच्या किंवा गाडीच्या हूडसाठी केलेली शीट मागवून घ्या, थोडी थांबायची तयारी ठेवा.

नवं हूड उन्हाच्या दिवशीच बसवून घ्या. बसवल्यावर निदान आठवडाभर कड्या लावून बंदच राहू द्या, कापड फासळ्यांवर आपला आकार धरतं. त्याआधी घडी घातली तर सुरकुत्या भलत्याच जागी पडतात. आणि जुनं हूड कारागिराच्या दुकानात सोडून येऊ नका. ते उसवून सपाट करा, कुठला तुकडा कुठला हे खडूनं लिहा, गुंडाळून माळ्यावर टाका. पुढच्या हूडचं माप त्याच्यावरूनच निघतं.